गुणतक्त्यात शेवटचे असूनही वरच्या संघांना हरवतो आहोत. हे किती दिवस चालेल?

प्रश्न : तळमजला

नमस्कार. मुंबईतील एका कार्यालयाच्या हॉकी संघाचा मी व्यवस्थापक आहे. पद ऐकायला मोठे वाटते. प्रत्यक्षात खेळाडूंची ओळखपत्रे सांभाळणे, पंचांकडे संघाची यादी वेळेत देणे, पाण्याचा पिंप भरून घेणे आणि सामना हरल्यावर चर्चगेट स्टेशनापर्यंत कोणाशी काही न बोलता चालत जाणे, एवढेच त्यात येते. यंदा पहिल्या फेरीत या शेवटच्या कामाचा मला भरपूर सराव झाला.

आमच्या गटात आठ संघ असून प्रत्येकाची प्रत्येकाशी दोनदा गाठ पडते. पहिल्या फेरीतील सात सामन्यांपैकी सहा आम्ही हरलो, एक बरोबरीत सुटला आणि एकुलता एक गुण घेऊन आम्ही तळाला जाऊन बसलो. दुसऱ्या फेरीत मात्र काही वेगळेच घडू लागले आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला आम्ही २-१ असे हरवले, तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला १-० असे हरवले आणि चौथ्याशी १-१ अशी बरोबरी साधली. आठ गुण झाले तरी सातव्या संघाचे नऊ असल्यामुळे आम्ही अजूनही शेवटचेच आहोत, आणि कदाचित त्यामुळेच समोर येणारा प्रत्येक संघ आमच्याकडे पहिल्या फेरीच्याच नजरेने पाहतो.

या विजयांचा अर्थ काय लावायचा, यावरून आमच्या संघात दोन तट पडले आहेत. आमचा सेंटर फॉरवर्ड म्हणतो की, हे लोक आपल्याला कच्चं लिंबू समजून मैदानात उतरतात आणि आपण त्यांच्या गाफीलपणावर जिंकतो. ते जागे झाले की आपली पुन्हा पहिली अवस्था होणार. त्याच्या म्हणण्याला आधार नाही असे नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या संघाने आमच्याविरुद्ध राखीव गोलरक्षक उतरवला होता आणि त्यांचा ड्रॅग फ्लिक (चेंडू काठीने ओढत गोलात भिरकावण्याचा फटका) मारणारा खेळाडू तिसऱ्या सत्रापर्यंत बाकावर बसून केळी खात होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या संघाने चार पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्यांच्या गोलाजवळच्या चुकीबद्दल मिळणारी संधी) नुसत्या नक्षीकामात घालवले. परंतु आमच्या गोलरक्षकाला हे विश्लेषण अपमानास्पद वाटते. तो दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात नागपूर शाखेतून बदली होऊन आला. त्याचा प्रश्न सरळ आहे : समोरचे झोपलेले होते, तर मग मी अडवलेले चेंडू कोणी मारले?

येत्या रविवारी आमची गाठ पहिल्या क्रमांकाच्या संघाशी आहे, ज्यांच्याकडून आम्ही पहिल्या फेरीत ०-५ असे हरलो होतो. आमच्या मागच्या सामन्याच्या वेळी त्यांचे प्रशिक्षक वही घेऊन प्रेक्षकांत बसले होते, म्हणजे निदान हा संघ तरी आम्हाला हलक्यात घेणार नाही. जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. तळाचा संघ वरच्याला हरवतो, तेव्हा त्यात समोरच्याच्या गाफीलपणाचा वाटा खरोखर किती असतो? आणि तो गाफीलपणा संपल्यावर आम्ही आमचा खेळ बदलावा की आहे तसाच ठेवावा?

उत्तर : जुना लेफ्ट हाफ

तळमजला यांस, आपला प्रश्न वाचून मजा वाटली, कारण आयुष्यातील बराच काळ मी दोन्ही प्रकारच्या संघांतून खेळलो आहे आणि दोन्हीकडे हाच वाद ऐकला आहे.

गाफीलपणा ही खरी गोष्ट आहे, आणि मैदानावर तो ओळखूही येतो. मात्र लोक तो चुकीच्या ठिकाणी शोधतात. स्वतःकडे चेंडू असताना सगळेच धावतात. गाफील संघ ओळखायचा तो चेंडू हातचा गेल्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांवरून. ज्या संघाने समोरच्याला गंभीरपणे घेतले आहे, त्याचे फॉरवर्ड चेंडू जाताच मागे वळून पाठलाग करतात. ज्याने घेतलेले नाही, त्याचे फॉरवर्ड कमरेवर हात ठेवून पंचांकडे पाहतात. दुसरी खूण म्हणजे त्यांचे दोन्ही फुल बॅक, म्हणजे मागचे बचावपटू, पहिल्या पाच मिनिटांतच मध्यरेषेपर्यंत चढून येतात. हॉकीत ऑफसाइडचा नियम जाऊन आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे, त्यामुळे त्यांच्या पाठीमागे आपला एक चपळ खेळाडू मोकळा उभा राहू शकतो आणि त्याला कोणी हटकूही शकत नाही. तिसरी खूण आपणच सांगितली : पेनल्टी कॉर्नरवरचे नक्षीकाम.

असे असले तरी, माझ्या मते गाफीलपणा तळाच्या संघाला फार तर एक सत्र देतो. पंधरा मिनिटे, फार झाले तर मध्यंतरापर्यंतची तीस. एक गोल खाल्ल्यावर कोणताही बरा संघ जागा होतो, बाकावरचे खेळाडू आत येतात (हॉकीत कितीही वेळा खेळाडू बदलता येतात, हे विसरू नये), आणि उरलेला सामना तो पूर्ण ताकदीने खेळतो. आपण २-१ आणि १-० असे जिंकलात, याचा अर्थ ती जागी झालेली ताकद आपण अर्धा सामना तरी अडवून धरली. तेव्हा आपल्या गोलरक्षकाचा राग मला रास्त वाटतो.

याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण भारतीय महिला संघाचे आहे. मात्र ते सांगताना बहुतेक जण अर्धेच सांगतात. ३६ वर्षांनंतर ऑलिंपिकला पात्र ठरलेला हा संघ २०१६ साली रिओ येथे बारा संघांत बारावा आला. पाच सामन्यांत एक बरोबरी आणि चार पराभव झाले, त्यांत ऑस्ट्रेलियाकडून १-६ असा मार खाल्ला. पुढे टोकियोत, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ साली, पहिले तीन सामनेही आपण हरलो : नेदरलँड्सकडून १-५, जर्मनीकडून ०-२ आणि ब्रिटनकडून १-४. मग आयर्लंडला १-० आणि दक्षिण आफ्रिकेला ४-३ असे हरवून, आणि त्यानंतरही दुसऱ्यांच्या सामन्याच्या निकालाकडे डोळे लावून, गटात चौथ्या क्रमांकाने आपण कसेबसे उपांत्यपूर्व फेरीत पोहोचलो. समोर तोच ऑस्ट्रेलिया होता. त्यांनी गटातील पाचही सामने जिंकले होते आणि त्या पाच सामन्यांत मिळून फक्त एक गोल खाल्ला होता. २ ऑगस्ट २०२१ रोजी तो सामना आपण १-० असा जिंकला. गुरजित कौरने बाविसाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर तो गोल केला.

आता प्रश्न असा की, ऑस्ट्रेलिया गाफील होता का? पहिल्या वीस मिनिटांबद्दल कोणी तसे म्हटले तर मी फार वाद घालणार नाही. पण गोल झाल्यानंतर अर्ध्याहून अधिक सामना शिल्लक होता, तो बाद फेरीचा सामना होता, आणि त्या अवधीत ऑस्ट्रेलियाने आपल्या डीमध्ये, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, अक्षरशः तळ ठोकला होता. त्यांना एकामागून एक पेनल्टी कॉर्नर मिळत गेले आणि त्यांतला एकही गोलात गेला नाही, कारण गोलरक्षक सविता पुनिया आणि तिच्या पुढ्यात धावून जाणाऱ्या मुली डगमगल्या नाहीत. सोळा जणींच्या त्या संघात आठ जणी रिओतही होत्या आणि सविता त्यांपैकी एक होती. म्हणजे बारावा क्रमांक आणि तो विजय यांच्यामध्ये समोरच्याची झोप उभी नव्हती. मध्ये पाच वर्षांचे काम होते आणि अर्धा संघ तोच होता.

आपल्या पहिल्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर देणारा दाखला मात्र २०१८ च्या लंडनमधील महिला विश्वचषकाचा आहे, आणि त्यात मार खाणारे आपणच होतो. आयर्लंडचा संघ त्या स्पर्धेतील सोळा संघांत क्रमवारीने शेवटून दुसरा होता आणि त्यातील बहुतेक मुली नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळणाऱ्या होत्या. त्यांनी गटात भारताला १-० असे हरवले. ठीक आहे, पहिल्या खेपेला आपण त्यांना हलक्यात घेतले असे धरून चालू. पण आठवड्याभरात उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा तीच गाठ पडली. एकदा पोळलेला संघ ताकही फुंकून पितो, त्यामुळे त्या वेळी गाफील असण्याचा प्रश्नच नव्हता. सामना ०-० असा सुटला आणि शूटआउटमध्ये (गोलरक्षकासमोर एकेकट्याने गोल करण्याच्या फेरीत) आयर्लंडने आपल्याला ३-१ असे हरवले. पुढे उपांत्य फेरीत स्पेनलाही त्यांनी शूटआउटमध्येच काढले आणि अंतिम फेरी गाठली. तिथे नेदरलँड्सने त्यांना ६-० असे धुतले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल एवढेच सांगतो की, रविवारी आपला बचाव बदलू नका, फक्त पेनल्टी कॉर्नरच्या बचावाची आणखी तयारी करा. तिथे गोलरक्षक धरून पाचच जण गोलरेषेमागे असतात आणि बाकीचे मध्यरेषेपलीकडे पाठवलेले असतात. ०-५ मधले किती गोल त्या पाच जणांवर झाले होते, ते आधी पाहा.

उत्तर : आकडेबहाद्दर

लेफ्ट हाफ काकांशी मी बराचसा सहमत आहे, परंतु गाफीलपणा आणि तयारी या दोघांच्या भांडणात त्यांनी तिसऱ्या भिडूला मैदानाबाहेरच ठेवले आहे. तो भिडू म्हणजे योगायोग.

हॉकीत गोल कमी होतात. ज्या खेळात गोल कमी, त्या खेळात एका चेंडूची किंमत जास्त, आणि दुबळ्या संघाला एकच चेंडू हवा असतो. क्रिकेटवाल्यांना हे लगेच पटेल : पाच दिवसांच्या कसोटीत दुबळा संघ क्वचितच जिंकतो, पण वीस षटकांत कोणीही कोणाला हरवू शकतो, कारण चांगल्या संघाला आपला चांगुलपणा सिद्ध करायला वेळच कमी मिळतो. तीन सामन्यांत मिळून आपण चार गोल केले आहेत. चार गोलांवरून मी तरी कोणताही सिद्धांत मांडणार नाही.

उदाहरणासाठी थोडा वेळ बर्फावर जाऊ या. (मुंबईकराला बर्फ म्हटले की चौपाटीवरचा गोळा आठवतो, पण आइस हॉकी हा याच प्रश्नाचा सर्वांत चांगला दवाखाना आहे.) २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये बेलारूसने गटातील तिन्ही सामने हरले होते, अमेरिकेकडून ८-१ आणि फिनलंडकडूनही ८-१. दुसऱ्या गटातून स्वीडनने तिन्ही सामने जिंकले होते, त्यांत कॅनडाला ५-२ असे हरवले होते. उपांत्यपूर्व फेरीत हे दोघे समोरासमोर आले आणि शेवटची अडीचएक मिनिटे उरली असताना बेलारूसच्या व्लादिमिर कोपातने मैदानाच्या मध्याजवळून मारलेली चकती स्वीडनचा गोलरक्षक टॉमी सालो याच्या शिरस्त्राणावर आदळून वर उडाली आणि त्याच्या पाठीमागे गोलात जाऊन पडली. ४-३. यात स्वीडनचा गाफीलपणा थोडा असेल, बेलारूसची चिकाटीही असेल, पण तो चेंडू, म्हणजे ती चकती, दहापैकी नऊ वेळा गोलाबाहेर जाते. उपांत्य फेरीत कॅनडाने बेलारूसला ७-१ असे हरवले आणि कांस्यपदकाच्या लढतीत रशियाने ७-२ असे.

आता याच्या उलट प्रकार पाहा. उत्तर अमेरिकेतील एनएचएल या आइस हॉकी स्पर्धेत सेंट लुईस ब्लूज हा संघ ३ जानेवारी २०१९ रोजी एकतीस संघांत शेवटच्या क्रमांकावर होता. प्रशिक्षक त्याआधीच, नोव्हेंबरमध्ये, बदललेला होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यानंतर जॉर्डन बिनिंग्टन या नवख्या गोलरक्षकाला त्यांनी नियमित उभे केले, पुढे सलग अकरा सामने जिंकले आणि १२ जून रोजी बोस्टनमध्ये सातवा, निर्णायक सामना ४-१ असा जिंकून स्टॅन्ली चषक उचलला. ५२ वर्षांच्या इतिहासातील तो त्यांचा पहिलाच चषक होता. पाच महिने कोणी कोणाला गाफील ठेवू शकत नाही आणि पाच महिने नशीबही साथ देत नाही. तिथे जानेवारीतला गुणतक्ताच खोटे बोलत होता.

तेव्हा आपला संघ बेलारूस आहे की ब्लूज, हे ठरवण्यासाठी मला एकच माहिती हवी आहे. पहिल्या फेरीतील सहा पराभव किती गोलांच्या फरकाने झाले, आणि ते गोल कोणत्या सत्रात खाल्ले? तळाला असलेले दोन संघ गुणांनी सारखे दिसतात; एक सहा वेळा ०-५ असा हरलेला असतो आणि दुसरा सहा वेळा १-२ असा. ते एकाच दर्जाचे संघ नसतात.

तळमजला :

आकडेबहाद्दर, आपल्या प्रश्नामुळे काल रात्री जुन्या धावपत्रिका, म्हणजे गोलपत्रिका, काढून बसलो. सहा पराभवांपैकी चार एका गोलाच्या फरकाने झाले, एक ०-२ आणि एक तो ०-५. एका गोलाने हरलेल्या चार सामन्यांपैकी तिघांत निर्णायक गोल चौथ्या सत्रात खाल्ला होता. हे इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी ते कधी एकत्र मांडून पाहिले नव्हते, याची थोडी लाज वाटते.

चौथ्या सत्राचे कारण मला माहीत आहे. पहिल्या फेरीत अनेकदा आमच्याकडे बाकावर दोनच खेळाडू असत, कारण सामना दुपारचा आणि सुट्टी मिळण्याची मारामार. ऑक्टोबरच्या उन्हात तेरा जणांनी साठ मिनिटे खेळायचे म्हणजे शेवटच्या पंधरा मिनिटांत पाय उचलतच नाहीत. दुसऱ्या फेरीत साहेबांनी परवानगी दिली आणि आता सोळा जण येतात. लेफ्ट हाफ काकांच्या प्रश्नाचे उत्तरही मिळाले : ०-५ मधले तीन गोल पेनल्टी कॉर्नरवर झाले होते, आणि त्या वेळी गोलरक्षक वेगळा होता.

उत्तर : पिवळे कार्ड

मी महाविद्यालयीन मुलींच्या एका संघाला शिकवते. आमचा संघ बहुतेक वर्षे वरच्या दोनांत असतो, त्यामुळे या चर्चेत दुसऱ्या बाजूचे कोणीतरी बोलले पाहिजे म्हणून लिहीत आहे. दोन वर्षांपूर्वी तळाच्या संघाने आम्हाला हरवले आणि त्या सामन्याची चित्रफीत मी इतक्या वेळा पाहिली आहे की, आता त्यातील पक्ष्यांचे आवाजही मला पाठ झाले आहेत.

आम्ही गाफील होतो का? त्या दिवशी मला कोणी विचारले असते, तर मी शपथेवर नाही म्हटले असते. सामन्याआधी मी मुलींना बजावले होते की, कोणालाही कमी लेखू नका. पण कमी लेखणे हे मनात येण्याआधी कामात येते. त्या आठवड्यात आम्ही पेनल्टी कॉर्नरचा सराव एकच दिवस केला, कारण पुढच्या आठवड्यात मोठा सामना होता. समोरच्या संघाची एकही चित्रफीत मी पाहिली नव्हती. गुडघा किंचित दुखणाऱ्या मुलीला मी विश्रांती दिली; मोठा सामना असता तर पट्टी बांधून उतरवली असती. यांपैकी एकेक निर्णय शहाणपणाचाच होता आणि सगळे मिळून आम्ही हरलो. त्यामुळे आपल्या समोरचा संघ बाकावर केळी खात होता, हे मला उद्धटपणाचे लक्षण वाटत नाही. त्यांच्या प्रशिक्षकाने कदाचित असाच शहाणा हिशेब केला असेल.

आणि एक गोल खाल्ल्यावर संघ जागा होतो, हे काकांचे विधान मला अर्धेच पटते. जागे होणे आणि नीट खेळणे यांत अंतर आहे. जो संघ जिंकणारच असे सगळे धरून चालतात, तो मागे पडला किंवा त्याची आघाडी निसटली की घाईला येतो, लांबून मारतो, एकट्याने डीमध्ये शिरू पाहतो. २०२३ च्या विश्वचषकात भुवनेश्वरला आपला पुरुष संघ न्यूझीलंडविरुद्ध आधी २-० आणि मग ३-१ असा पुढे होता. न्यूझीलंड गटात मलेशियाकडूनही हरून आलेला होता. सामना ३-३ असा संपला आणि शूटआउटमध्ये आपण ४-५ असे बाहेर पडलो. घरचे मैदान, घरचे प्रेक्षक, दोन गोलांची आघाडी. जे बळ वाटत होते, त्याचेच शेवटच्या सत्रात ओझे झाले होते. ज्या महिला संघाचे कौतुक काकांनी केले, तोच संघ जानेवारी २०२४ मध्ये रांची येथे पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेत यजमान म्हणून उतरला, पहिलाच सामना अमेरिकेकडून ०-१ असा हरला आणि अखेरीस जपानकडून पुन्हा ०-१ असे हरून पॅरिसला मुकला. टोकियोत त्यांच्याकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती. रांचीत सगळ्यांची होती.

म्हणून तळमजला यांना माझा सल्ला थोडा व्यावहारिक आहे. वही घेऊन बसलेल्या प्रशिक्षकांनी काय लिहिले असेल, ते मी सांगू शकते, कारण मीही तेच लिहिले असते. आपल्या प्रतिहल्ल्याची सुरुवात कोणाच्या काठीतून होते, त्याचे नाव त्या वहीत पहिल्या ओळीवर असेल, आणि रविवारी त्याच्या अंगाला चिकटून एक खेळाडू साठ मिनिटे उभा राहील. तेव्हा चेंडू बाहेर काढण्याची दुसरी वाट आठवड्याभरात तयार करा, मग ती कितीही साधी असो. आपला पेनल्टी कॉर्नर कसा मारला जातो, तेही लिहिलेले असेल. त्यांचा पहिला धावणारा खेळाडू कोणत्या रेषेने येणार, हे ठरलेले असेल. एक नवा प्रकार बसवा आणि तो पहिल्याच कॉर्नरला वापरा; जपून ठेवू नका, कारण दुसरा कॉर्नर मिळेलच याची खात्री तळाच्या संघाला नसते.

आणखी एक गोष्ट. आपला गोलरक्षक आणि सेंटर फॉरवर्ड यांचा वाद मिटवू नका. गोलरक्षकाला आपण जिंकण्याच्या लायकीचे आहोत असे वाटणे आणि फॉरवर्डला पुढच्या वेळी हे सोपे नसेल असे वाटणे, दोन्ही आपल्या उपयोगाचे आहे.

उत्तर : आकडेबहाद्दर

चार पराभव एका गोलाचे आणि त्यांपैकी तीन चौथ्या सत्रातले, हे वाचून माझे मत बदलले. आपण पहिल्या फेरीतही तळाचा संघ नव्हता. तेरा खेळाडूंचा मधल्या दर्जाचा संघ होता. तीन राखीव खेळाडू आणि एक गोलरक्षक मिळाल्यावर जे व्हायला हवे होते तेच होत आहे, आणि लोकांना ते आश्चर्य वाटत आहे, कारण ते गुणतक्ता वाचतात, गोलपत्रिका वाचत नाहीत. तरीही रविवारबद्दल मी पैज लावणार नाही. पहिल्या क्रमांकाचा संघ पहिला असतो, त्यालाही काही कारण असते.

जुना लेफ्ट हाफ :

पिवळे कार्ड यांनी माझे अर्धे विधान कापले, ते मी मान्य करतो. हे बाईंनी त्यांच्या बाजूने सांगितले म्हणून कळले. आम्ही तळाकडून खेळताना समोरच्याच्या आठवड्याचा विचार कधी केला नव्हता. तळमजला, रविवारी काय झाले ते अवश्य कळवा. नाणेफेकीनंतर त्यांचा कोणता गोलरक्षक शिरस्त्राण चढवतो, तेवढे आधी पाहून ठेवा.

तळमजला :

कळवण्यास दोन दिवस उशीर झाला, क्षमस्व. आम्ही १-२ असे हरलो.

त्यांनी पहिल्या पसंतीचा गोलरक्षक उतरवला. ड्रॅग फ्लिक मारणारा खेळाडू पहिल्या मिनिटापासून आत होता आणि आमच्या सेंटर हाफला एक उंच मुलगा पाणी प्यायला गेल्यावरसुद्धा सोडत नव्हता. बाई, आपली वही बरोबर निघाली. चेंडू बाहेर काढण्याची दुसरी वाट आम्ही डाव्या बाजूने तयार केली होती, आणि दुसऱ्या सत्रात तिकडूनच आमचा गोल झाला. मध्यंतराला १-० असे पुढे होतो. तिसऱ्या सत्रात त्यांनी मैदानी गोल करून बरोबरी साधली. त्यांना एकूण पाच पेनल्टी कॉर्नर मिळाले; चार आम्ही अडवले आणि पाचवा, सामना संपायला सहा मिनिटे असताना, गोलरक्षकाच्या डाव्या पायाजवळून आत गेला. सामना संपल्यावर त्यांचे प्रशिक्षक आमच्या गोलरक्षकाशी बराच वेळ बोलत उभे होते. तो काय बोलणे झाले ते सांगत नाही, पण परतीच्या वाटेवर सेंटर फॉरवर्डची बॅग त्याने उचलली होती. सातवा संघही हरल्यामुळे अंतर एकाच गुणाचे राहिले आहे.

जुना लेफ्ट हाफ :

०-५ वरून १-२. बरे खेळलात. तो पेनल्टी कॉर्नरचा नवा प्रकार बसवला होता का? चालला का?

तळमजला :

बसवला होता, काका. चार दिवस पहाटे साडेपाचला येऊन बसवला होता. सामन्यात आम्हाला एकही पेनल्टी कॉर्नर मिळाला नाही.